साथरोग प्रशिक्षण झालं, तरी तपास अडतोच? या चुका टाळा

साथीचा तपास फिरून शिकायचा असतो, हे आरोग्य खात्यात सगळ्यांना मान्य आहे. तरी जिल्ह्यातल्या कुठल्याही प्रशिक्षणाचं वेळापत्रक उघडा, सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पीपीटी. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९५१ मध्ये ईआयएस हा साथींचा तपास करणारे अधिकारी घडवणारा कार्यक्रम सुरू केला तेव्हापासून पद्धत वेगळी आहे: थोडा काळ वर्ग, मग उरलेली जवळजवळ दोन वर्षं नोकरीवर राहून खरे उद्रेक शोधायचे. त्यांच्या बोधचिन्हावर झिजून भोक पडलेला बुटाचा तळवा आहे, तो उगाच नाही. थायलंडने १९८० मध्ये ही पद्धत उचलली. आपल्याकडे चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था २००१ पासून आणि दिल्लीची एनसीडीसी, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, २०१२ पासून असे दोन वर्षांचे अधिकारी घडवतात. त्याच्या खाली तालुका-जिल्हा पातळीसाठी साधारण तीन महिन्यांचा फ्रंटलाइन अभ्यासक्रम असतो. सगळ्यात जास्त घोळ याच पायरीवर होतात, म्हणून लिहितोय ते तिच्याबद्दल.

जो मोकळा, तो प्रशिक्षणाला

नावं पाठवा असं पत्र आलं की ज्याच्यावाचून अडत नाही त्याचं नाव जातं. नाहीतर थेट जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं, ज्यांना बैठकांतून बाहेर पडायला वेळच नसतो. दोन्ही वाया. ज्याच्या हातून रोजची आकडेवारी जाते आणि उद्रेकाचा फोन ज्याला पहिला येतो, तो माणूस हवा. आयडीएसपी या सरकारी रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे एस, पी, एल फॉर्म (संशयित, संभाव्य आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण) आता आयएचआयपी या आरोग्य माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरले जातात; ते भरणाऱ्याला ‘हा आकडा नेहमीपेक्षा जास्त आहे’ असं वाटायला लागलं, की अर्धं प्रशिक्षण झालं म्हणायचं.

डॉक्टरच हवा हा हट्टही सोडा. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडतापाचा (गोचिडीतून पसरणारा ताप) अंदाज येतो तो मेलेल्या माकडांवरून, आणि ती आधी दिसतात वनरक्षकाला किंवा काजूच्या बागेत जाणाऱ्याला. पशुधन विकास अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि वन विभागाचा माणूस एका तुकडीत बसले, तर पुढे फोन करायला ओळख लागते ती तिथेच होते.

आलेख सुंदर, रुग्ण कोण ते माहीत नाही

लक्षण असं: प्रशिक्षणार्थी एक्सेलमध्ये झकास आलेख काढतो, पण ‘तुझ्या यादीत रुग्ण म्हणून कोणाला घेतलंस?’ विचारलं की गडबडतो. एका आशाताईने एकदा पोट बिघडलेला माणूसही लिहिलेला असतो, दुसरीने फक्त सलाईन लागलेला. अशा यादीवर कितीही गणित करा, हाती काही लागत नाही. घराबाहेर पडण्याआधी व्याख्या कागदावर लिहून घ्या: अमुक गावात, अमुक तारखेपासून, २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब. ठिकाण, काळ, लक्षणं, बस्स. सॉफ्टवेअर नंतर. पहिली लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, हाताने, आडव्या ओळींच्या वहीत करायला लावा; चुका डोळ्यांना दिसतात.

फक्त आजाऱ्यांनाच विचारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि अनुभवी लोकही करतात. समजा, लग्नाच्या पंगतीला २०० जण होते आणि ६० जणांना उलट्या-जुलाब झाले. पथक दवाखान्यात जातं, खाटेवरच्यांना विचारतं. ६० पैकी ५५ जणांनी बासुंदी खाल्लेली. संध्याकाळपर्यंत ‘बासुंदीतून विषबाधा’ अशी बातमी लागते आणि आचारी पोलीस ठाण्यात.

आता जे १४० जण ठणठणीत आहेत त्यांच्याकडे जा. त्यातल्या १२८ जणांनीही बासुंदी ओरपलेली असते. म्हणजे बासुंदी खाणारे एकूण १८३, त्यातले आजारी ५५, सुमारे ३० टक्के. न खाणारे १७, त्यातले आजारी ५, तेही सुमारे २९ टक्के. फरक शून्य. मग मठ्ठ्याचं विचारा. पिणारे ९०, आजारी ५०, म्हणजे ५६ टक्के. न पिणारे ११०, आजारी १०, म्हणजे ९ टक्के. मठ्ठा पिणाऱ्यांना धोका सहापट. बासुंदी जवळजवळ सगळ्यांनीच खाल्ली होती, म्हणून आजाऱ्यांतही तीच दिसत होती. आता मठ्ठ्यातला बर्फ कुठून आला आणि पाणी कुठलं होतं, तिथे चौकशी वळवा.

हे उदाहरण फळ्यावर पाच मिनिटांत संपतं. गावात मात्र बऱ्या माणसाच्या दारात उभं राहून ‘तुम्हाला काही झालं नाही ना? मग सांगा, काय काय खाल्लंत?’ असं विचारायला लाज वाटते, समोरचाही वैतागतो. ही भीड मोडण्यासाठीच फील्ड लागतं. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने मार्गदर्शकासमोर निदान दहा निरोग्यांच्या मुलाखती घ्याव्यात, असा नियमच असायला हवा.

चुकीच्या दिवसांची चौकशी

‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न प्रत्येक आजाराला लागू नाही. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला आणि पाण्याची तपासणी सुरू झाली. या आजारात पायातली ताकद जाते ती बहुधा पोटाच्या संसर्गानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. तिथे कालच्या जेवणाची चौकशी करून उपयोग काय? आधी संशयित आजाराचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचे दिवस, ठरवा आणि तेवढे दिवस मागे जाऊन विचारा. माणसांना तारखा आठवत नाहीत. संक्रांत, बाजाराचा वार, घरचं कार्य असे धागे धरून विचारलं की आठवतं.

आधी टीसीएल, मग नमुना

गॅस्ट्रोची बातमी येताच विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची पावडर पडते. पडायलाच हवी, तपास पूर्ण होईपर्यंत लोकांना तेच पाणी पाजणं गुन्हा आहे. पण पावडर टाकण्याआधी बाटली भरायला कितीसा वेळ लागतो? क्लोरीन पडून गेलं असेल तर ते निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली वापरा, नाहीतर प्रयोगशाळा ‘पाणी योग्य’ म्हणून मोकळी होते. शौचाचा नमुनाही अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा हवा. प्रशिक्षणाच्या किटमध्ये लॅपटॉप असतो, नमुन्याच्या बाटल्या नसतात, हे मला कायम खटकत आलंय.

‘जनजागृती करावी’

अहवालाच्या शेवटी हे वाक्य दिसलं की तो परत पाठवा. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते नसेल तर ती शिफारस नव्हे.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचा तपास या बाबतीत मन लावून वाचण्यासारखा आहे. लहान मुलांना पहाटे झटके यायचे, उन्हाळ्यामागून उन्हाळे हेच चाललं होतं. २०१४ मध्ये एनसीडीसी आणि सीडीसीच्या पथकाने १०४ आजारी मुलांची तुलना आजार नसलेल्या १०४ मुलांशी केली. लिची खाणं आणि रात्री उपाशी झोपणं या दोन गोष्टी पुढे आल्या; अनेक मुलांच्या रक्तातली साखर घसरलेली होती. शिफारशी अगदी सुटसुटीत: मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपवू नका, लिची कमी द्या, दवाखान्यात आणताच साखर तपासा आणि भरून काढा. तरी २०१९ मध्ये बिहारमध्ये या आजाराने पुन्हा शंभराहून अधिक मुलं दगावली. शोध लागला म्हणजे काम झालं असं नाही. दर एप्रिलमध्ये ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलं की नाही हे बघणारा माणूस लागतो. अभ्यासक्रमात सहा महिन्यांनी परत जाऊन ‘कोणती शिफारस अमलात आली?’ हे पाहण्याची अट घाला.

कळवणाऱ्यालाच मेमो

शिकलेला माणूस उद्रेक लवकर ओळखतो, लवकर कळवतो आणि पहिलं बक्षीस म्हणून खुलासा मागणारं पत्र मिळतं: ‘आपल्या कार्यक्षेत्रात साथ कशी उद्भवली?’ पुढच्या वेळी तो पोर्टलवर शून्य टाकतो. याला प्रशिक्षणार्थीकडे औषध नाही, वरिष्ठांकडे आहे. ‘७-१-७’ हे उद्दिष्ट इथे कामी येतं: सात दिवसांत ओळख, एका दिवसात सूचना, पुढच्या सात दिवसांत सुरुवातीची प्रतिसादाची कामं पूर्ण. उशीर कोणत्या टप्प्यावर झाला ते शोधायचं, कोणाला धरायचं ते नाही. जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत हा तक्ता ठेवा; नमुना वाहून न्यायला गाडी नव्हती, असली कारणं तिथेच उघड होतात.

प्रमाणपत्रं मोजणं

दोन लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञ असावा, असं जागतिक प्रमाण मानतात. २०११ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे ११.२४ कोटी धरले तरी साडेपाचशेच्या वर माणसं लागतात. हा आकडा गाठायच्या घाईत तुकड्यामागून तुकड्या निघतात, आणि माणूस शिकून आला की त्याची बदली लसीकरणाला किंवा दुसऱ्या जिल्ह्यात रुग्णालयाच्या ओपीडीला होते. किती शिकले यापेक्षा आज सर्वेक्षणाच्या खुर्चीवर किती आहेत, ते मोजा. निवडीच्या पत्रातच निदान दोन वर्षं त्याच कामावर ठेवण्याची हमी जिल्ह्याकडून लिहून घ्या. बदली टळत नसेल, तर लाइन लिस्ट, जुने अहवाल, प्रयोगशाळेतल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या माणसांचे नंबर नव्या माणसाच्या हातात देऊन मगच कार्यमुक्तीच्या आदेशावर सही करा.