नवा जोडीदार आणि हर्पिस: धोक्याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

संध्याकाळी सातनंतर पुण्यातल्या झेड ब्रिजच्या कठड्याला दुचाक्यांची रांग लागते आणि जवळपास प्रत्येक गाडीवर दोघं बसलेले असतात. गेल्या वर्षी त्या रांगेत मीही होते. तोंडावरचा स्कार्फ सोडला, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि एका दमात बोलून टाकलं, "मला हर्पिस आहे. खालचा." तो थोडा वेळ मुठेच्या पात्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे नागीण ना? माझ्या आजीला झाली होती. बरी झाली की ती."

मला हसू आवरेना. चार दिवस घोकलेलं वाक्य थेट आजीच्या पाठीवर जाऊन पडलं होतं.

"नागीणच ना ती?"

नाही. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घसरली की अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो. इथे विषय आहे हर्पिस सिम्प्लेक्सचा, म्हणजे एचएसव्हीचा. घराणं एक, विषाणू वेगळा. त्याचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-१ सहसा ओठांवर येतो, एचएसव्ही-२ सहसा जननेंद्रियांवर. पण "सहसा" म्हणजे "नेहमी" नव्हे. ओठावर फोड असलेल्या माणसानं मुखमैथुन केलं तर एक नंबरचा विषाणू खाली पोचतो, आणि तिथे घर करतो.

शब्दांचा हा घोळ नागिणीपाशी थांबत नाही. गालाच्या आत, जिभेवर पांढरे छाले येतात, ज्याला आपण तोंड येणं म्हणतो, ते बहुतेक वेळा हर्पिस नसतं. उलट तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा घोस येतो, तो मात्र हर्पिस असतो आणि नेमका तोच "उष्णता झाली" म्हणून सोडून दिला जातो. मला पहिल्यांदा खाली फोड आले तेव्हा रूममेटनं सब्जा भिजवून दिला होता. चार दिवस मी इमानेइतबारे सब्जा प्यायले. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं, तरी सब्जा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या ६४ टक्के लोकांना एचएसव्ही-१ आहे आणि १५ ते ४९ वयोगटातल्या १३ टक्के लोकांना एचएसव्ही-२. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे याचा पत्ताही नसतो. धोक्याचा हिशोब मांडताना हे आधी लक्षात घ्यावं लागतं. "मला काही नाही" म्हणणाऱ्याला खरंच काही नसेल असं नाही.

"फोड नाहीत, मग कसली भीती?"

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. फोड असताना धोका सर्वांत जास्त असतो हे खरं, पण कातडी अगदी स्वच्छ दिसत असतानाही विषाणू अधूनमधून पृष्ठभागावर येत राहतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचएसव्ही-२ असलेल्या लोकांनी रोज स्वतःचे स्वॅब घेतले होते. ज्यांना फोड यायचे, त्यांच्यात साधारण २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना कधीच काही जाणवलं नव्हतं, त्यांच्यातही १० टक्के दिवशी. म्हणजे वर्षाकाठी महिनाभराहून जास्त दिवस, बिनबोभाट. एक नंबरचा विषाणू खाली असेल तर तो पहिल्या वर्षातच बराच शांत होतो आणि फोडही क्वचित येतात. म्हणून आपल्याला कुठला प्रकार आहे हे माहीत असणं ही चैन नाही, हिशोबातला पहिला आकडाच तो आहे.

फोड येण्याआधी बऱ्याच जणांना इशारा मिळतो. खाज, चुरचुर, मुंग्या, कंबरेतून पायात जाणारी कळ. माझ्या बाबतीत उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला, बसल्यावर चड्डीची शिवण रुतावी तसं होतं. शिवण नसतेच तिथे. त्या क्षणापासून खपली पडून नवी कातडी येईपर्यंत संबंध बंद, मुखमैथुनही बंद. कंडोम घालूनही नाही.

टॉयलेट सीट, पोहण्याचा तलाव, एकाच दोरीवर वाळणारे कपडे यांतून हा पसरत नाही. फोडाला हात लागला तर साबणानं धुवावा, विशेषतः डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी. एवढंच.

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय!"

झेड ब्रिजच्या त्या संध्याकाळनंतर पाच दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. मला न सांगता त्यानं रक्ततपासणीचं एक पॅकेज केलं होतं आणि त्यात "एचएसव्ही १+२ आयजीएम: पॉझिटिव्ह" असं ठळक अक्षरात आलं होतं. "तुझ्याकडूनच आला असणार," म्हणाला. आमच्यात तोवर अमृततुल्यच्या कटिंगपलीकडे काहीही झालेलं नव्हतं. त्याच्या ते लक्षात यायला दहा सेकंद लागली. ती दहा सेकंद मी मुद्दाम गप्प राहिले.

हर्पिसच्या बाबतीत रक्ताचा रिपोर्ट जितका गोंधळ घालतो तितका विषाणूही घालत नसेल.

आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी), सोडून द्या. नुकताच संसर्ग झाला की आयजीएम वाढतं, हा नियम इथे नीट चालत नाही. जुन्या दुखण्याच्या उचलीतही ते पॉझिटिव्ह येतं, आणि काहीच नसताना चुकूनही येतं. आपल्याकडे ते मागवलं जातं बहुतेक "टॉर्च" पॅनेलमधून. ती तपासणी मुळात गर्भारपणाच्या संदर्भातली, आणि तिच्या नावातला शेवटचा "एच" म्हणजे हर्पिस. लग्न ठरलं की पत्रिकेबरोबर हेही करून टाकायची नवी पद्धत निघाली आहे. पत्रिका तरी दोघांची वेगवेगळी मांडतात. इथे "१+२" असं दोन्ही प्रकारांचं एकत्र कडबोळं असतं. लहानपणी आत्यानं ओठावर फोड असताना पापा घेतला असेल, तरी तुमचं आयजीजी, म्हणजे टिकून राहणारी प्रतिपिंडं, जन्मभर पॉझिटिव्ह येऊ शकतं.

मागायची असेल तर टाइप-स्पेसिफिक आयजीजी मागा, म्हणजे एक आणि दोनचे आकडे वेगळे. त्यातही एचएसव्ही-२ समोरचा इंडेक्स बघा. नेहमीच्या एलायझा चाचणीत १.१ च्या वर पॉझिटिव्ह म्हणतात, पण ३ पर्यंतचे आकडे बऱ्याचदा खोटे निघतात आणि दुसऱ्या पद्धतीनं खात्री करून घ्यावी लागते. संबंध आल्यावर आठवड्यात केलेली तपासणी निरुपयोगी, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला १२ आठवडे किंवा जास्तही लागू शकतात. शिवाय आयजीजी जागा सांगत नाही. एक नंबर ओठावर आहे की खाली, हे रक्तावरून कळत नाही.

ज्यांना लक्षणं नाहीत अशा सर्वांनी ही तपासणी करावी, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीही म्हणत नाही. पण जोडीदाराला हर्पिस आहे हे माहीत असेल तर तिचा उपयोग आहे. फोड असतील तर मात्र रक्ताच्या मागे लागूच नका. ताज्या फोडाचा स्वॅब आणि पीसीआर, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत. खपली धरली की संधी गेली. सब्जाच्या नादात माझी गेलीच होती. प्रकार कळला तो पुढच्या उचलीत.

"मेडिकलमधून ट्यूब आणली"

मांडीच्या सांध्यात खाज म्हणजे गजकर्ण, असं गृहीत धरून काउंटरवरून आणलेल्या मिश्रण-ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. हर्पिसवर ते लावलं तर विषाणूला रान मोकळं मिळतं आणि डॉक्टरला ओळखता येऊ नये इतकं चित्र बिघडतं. लावू नका.

लाज वाटते म्हणून लोक ट्यूबवर भागवतात, हे मला कळतं. पण ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग असतो. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) "सुरक्षा क्लिनिक"मध्ये या आजारांची औषधं रंगीत किटमधून मोफत मिळतात. हर्पिसच्या फोडांसाठी लाल किट, त्यात असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध. १०९७ हा नॅकोचा क्रमांकही मोफत आहे.

"टक्के सांग, टक्के"

तो इंजिनिअर. त्याला आकडा हवा होता. मी त्याला २००४ मधला अभ्यास दाखवला. १,४८४ जोडपी, एकाला एचएसव्ही-२ आहे, दुसऱ्याला नाही. निम्म्यांमधल्या बाधित जोडीदारानं रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं, निम्म्यांनी नुसतीच बिनऔषधी गोळी. सगळ्यांना कंडोमचा सल्ला दिलेला. आठ महिन्यांत बिनऔषधी गटात ७४१ पैकी २७ जोडीदारांना संसर्ग झाला, औषधाच्या गटात ७४३ पैकी १४ जणांना. म्हणजे ३.६ टक्क्यांवरून १.९.

यात दोन बाजूंनी चूक होते. एक जण म्हणतो, "शून्य नाही ना? मग नको." दुसरा म्हणतो, "दोनच टक्के? मग कंडोम कशाला?" मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. एक तर ती बाई-पुरुषांची, आधीपासून एकत्र असलेली, एकमेकांना सांगून मोकळी झालेली जोडपी होती. त्यांचा आकडा नव्या जोडप्यानं जसाच्या तसा स्वतःला चिकटवू नये. दुसरं, पुरुषाकडून बाईला जाण्याचा धोका उलट दिशेपेक्षा जास्त असतो.

कंडोम धोका कमी करतो, पण झाकतो तेवढ्याच भागावर. फोड मांडीच्या सांध्यात, नितंबावर, वृषणांच्या कातडीवरही येतात. म्हणून "कंडोम आहे ना" हे उत्तर पुरत नाही, आणि "कंडोमचा उपयोगच नाही" हेही खोटं. फोडाच्या दिवसांत थांबणं, कंडोम, रोजची गोळी: तीन चाळण्या एकावर एक.

गोळी रोज घ्यायची असते. शनिवारी भेटणार म्हणून शुक्रवारी रात्री घेऊन काही होत नाही. आणि ती विषाणू असलेल्यानं घ्यायची, निरोगी जोडीदारानं "आपलीपण सेफ्टी" म्हणून नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस डॉक्टर ठरवतात, मेडिकलवाला नव्हे.

"मग मला कुणी दिला?"

संसर्गानंतर लक्षणं आली तर साधारण २ ते १२ दिवसांत येतात. पण पहिली उचल इतकी सौम्य असू शकते की कळतच नाही, आणि दिसण्यासारखे फोड काही वर्षांनी येतात. त्यामुळे नव्या नात्यात फोड आले म्हणजे नव्यानंच दिले, किंवा जुन्या नात्यात आले म्हणजे कुणीतरी बाहेर गेलं, हा निष्कर्ष टिकत नाही. मी पहिल्या वर्षी एका माणसावर मनातल्या मनात खटला चालवून शिक्षाही सुनावली होती. आज खात्रीनं सांगू शकत नाही की तो तोच होता.

बाळाचा विचार असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची. जुना हर्पिस असलेल्या आईपेक्षा, गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा संसर्ग झालेल्या आईकडून बाळंतपणात बाळाला होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, आणि नवजात बाळाला तो जिवावर बेतू शकतो. जोडीदाराला हर्पिस असेल तर शेवटच्या तिमाहीत संबंध टाळतात, आणि डॉक्टरांपासून हे लपवत नाहीत.

"आधी नातं पक्कं होऊ दे, मग सांगू"

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना संसर्ग झाला अशा लोकांकडे मागे वळून पाहिलं गेलं. जोडीदारानं हर्पिसबद्दल सांगितलेलं होतं, त्यांच्यात संसर्ग होईपर्यंतच्या दिवसांचा मधला आकडा (मीडियन) होता २७०. सांगितलेलं नव्हतं, त्यांच्यात ६०. कारण उघड आहे. माहीत असलेला माणूस थांबतो, विचारतो, मुंग्या आल्या म्हटलं तर कूस बदलून झोपतो.

कपडे उतरल्यावर सांगू नका आणि सांगताना रडून माफी मागू नका. समोरच्याला वाटतं, काहीतरी भयंकर आहे. प्रकार कुठला, उचल कितीदा येते, गोळी घेते की नाही, एवढं सांगितलं की पुरे. मग त्याला वेळ द्या. त्याला नको असेल तर तोही त्याचा हक्क आहे.

त्याचं टाइप-स्पेसिफिक आयजीजी नंतर आलं: दोन नंबर निगेटिव्ह, एक नंबर पॉझिटिव्ह. आम्ही पुन्हा झेड ब्रिजवर. तो मोबाइलवर रिपोर्ट मोठा करून बघत म्हणाला, "बारावीला प्रीलिम आली की ओठावर काहीतरी यायचं माझ्या. आई तूप लावायची."

म्हणजे त्याचा विषाणू माझ्याकडे यायची शक्यताही होतीच. इतके दिवस आम्ही दोघं एकाच बाजूचा हिशोब मांडत होतो.

परवा बुधवारी त्याचा मेसेज आला. "ओठ चुरचुरतोय. भेटू, पण आज नुसता चहा. कप वेगळे."