डेंग्यूनंतरची केसगळती आणि पाटावरचा माका

दिवाळीत डेंग्यू झाला, बरीही झाले. संक्रांतीच्या सुमारास मात्र कंगव्यात पुंजकेच येऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गिरणा नदीच्या पाटावर माका माजलाय, तेल कर."

पांढरी बारीक फुलं, आणि पाला चुरडला की बोटं काळी होतात, हीच माक्याची खूण. पहिलं तेल मी मोठ्या आचेवर करपवलं, टाकून द्यावं लागलं. दुसऱ्यांदा तिळाच्या तेलात रस घालून अगदी मंद आचेवर ठेवलं. रस तडतडत असतो तोवर पाणी शिल्लक आहे असं समजायचं. तडतड थांबली, गाळाची बोटांत मऊ वात वळली, की उतरवायचं. आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने लावलं.

तरी डॉक्टरांकडे गेले, ते फार बरं झालं. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी बरेच केस एकदम गळतात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात, असं त्यांनी समजावलं. रक्तात लोहाचा साठाही कमी निघाला. गोळ्या सुरू केल्या.

माक्याचे प्रयोग बहुतेक उंदरांवर झालेत. रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या तेलाची मात्र 2015 मध्ये माणसांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनी ते 2 टक्के मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधाच्या तोडीचं दिसलं. पण ती चाचणी अनुवंशिक टक्कल असलेल्यांवर होती, माझ्यासारख्या केसगळतीवर नाही.

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस दिसले. श्रेय मी एकट्या तेलाला देणार नाही. टाळूचा कोरडेपणा मात्र त्यानेच गेला.