फितवणारा राक्षस किती जड जाईल?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांत अ‍ॅबोलेथचं, म्हणजे मनाचा ताबा घेणाऱ्या एका राक्षसाचं, चॅलेंज रेटिंग (राक्षस किती जड जाईल याचा आकडा) १० आहे. त्या आकड्यावर विसंबून मी तो दहाव्या लेव्हलच्या चौघा खेळाडूंसमोर सोडला आणि तोंडावर आपटलो.

आता मी आधी कागद-पेन घेतो. त्याच्या ‘एन्स्लेव्ह’ या ताबा घेण्याच्या शक्तीला विज्डम सेव्ह, डीसी १४; म्हणजे वाचायला वीस बाजूंचा फासा अधिक विज्डम बोनस मिळून किमान १४ हवेत. आमच्या फायटरचा (लढवय्याचा) विज्डम बोनस शून्य, म्हणजे वीसपैकी तेरा वेळा तो फितणार. क्लेरिकचा (पुजारिणीचा) +८, ती फक्त पाच वेळा. म्हणून पार्टीची, म्हणजे खेळाडूंच्या टोळीची, सरासरी काढू नका. सगळ्यात जोरात मारणाऱ्याचा विज्डम बघा. तो फितला की चारास एक असलेली लढाई तिनास दोन होते, आणि त्याची तलवार आपल्याच विझार्डच्या मानेवर. (आमचा विझार्ड दोन घावांत आडवा. अजून टोमणे मारतो.)

मग सुटका कशी होते ते वाचा. हार्पी या गाऊन भुरळ घालणाऱ्या राक्षसिणीच्या गाण्यातून दर टर्नच्या शेवटी सुटायची संधी मिळते, तीही डीसी ११ला. अ‍ॅबोलेथच्या तावडीत मात्र मार बसला तरच लगेच नवा सेव्ह. म्हणजे मित्रानेच मित्राला बडवायचं! व्हॅम्पायर भुरळ घालतो, पण पूर्ण ताबा घेत नाही.

पार्टीत एल्फ आहे, ज्याला भुरळीविरुद्धचा सेव्ह सोपा जातो? भुरळीपासून वाचवणारा ‘प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड’ हा मंत्र तयार आहे? मग अ‍ॅबोलेथ बराच सुसह्य. हार्पीवर मात्र तो मंत्र चालत नाही.

यातलं काहीच नसेल, तर मी सोबतचे चिल्लर राक्षस सरळ काढून टाकतो.