वाचनालयाच्या यादीला मराठी समजणारा सर्च बॉक्स कसा लावावा

मराठवाड्यातल्या कितीतरी वाचनालयांची पुस्तकयादी एक्सेलमध्ये पडून आहे. ती वाचकाला मोबाइलवर शोधता यावी म्हणून महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. शोधायला मेलीसर्च आणि सर्च बॉक्स, फिल्टर, निकाल मांडायला इन्स्टंटसर्च ही मुक्तस्रोत जोडी भरपूर झाली.

मेलीसर्च सर्व्हरवर चालू करा, यादी जेसॉन या मजकुरी फाइल-स्वरूपात करून त्यात भरा, इन्स्टंट-मेलीसर्च या जोडणाऱ्या कोडने दोन्ही जोडा. वेबपानात फक्त शोधापुरती ‘की’ (प्रवेशाची किल्ली) ठेवा; सगळे अधिकार देणारी ‘मास्टर की’ ब्राउझरपर्यंत जाताच कामा नये.

खरी मेख पुढे आहे. ‘स्पेलिंगच्या चुका टूल आपोआप सांभाळतं’ हा सल्ला मराठीत अर्धाच खरा. मूळ सेटिंगमध्ये मेलीसर्च 5 अक्षरांहून लहान शब्दातली चूक माफ करत नाही, त्यामुळे ‘कवि’ टाइप करणाऱ्याला ‘कवी’ मिळत नाही. ‘ॲ’ तर त्याहून फसवा. एक कीबोर्ड तो सलग एक चिन्ह म्हणून देतो, दुसरा ‘अ’वर वेगळा चंद्र चढवतो. डोळ्याला फरक दिसत नाही आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसीही या दोघांना एक करत नाही.

म्हणून एक छोटं फंक्शन लिहाच: आधी एनएफसी, मग दोन्ही ‘ॲ’ एकसारखे, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व, देवनागरी आकडे इंग्रजी, लपलेली अदृश्य जोडचिन्हं बाद. यादीतला मजकूर त्यातून काढून वेगळ्या रकान्यात ठेवा, शोध फक्त त्याच रकान्यात चालवा आणि वाचकाला मूळ शीर्षक दाखवा. वाचकाचा शब्दही त्याच फंक्शनमधून गेला पाहिजे. एकाच बाजूला लावलंत तर आधी सापडणारी पुस्तकंही गायब होतील. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील, होऊ द्या. दोन निकाल जास्त आले तरी चालतात, असलेलं पुस्तक ‘नाही’ म्हणणं चालत नाही.

वाचकाचा शब्द बॉक्समध्ये बदलू नका. ‘लातूर’ लिहिलेलं डोळ्यांदेखत ‘लातुर’ झालं की माणूस गोंधळतो. सर्चक्लायंटभोवती, म्हणजे सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या भागाभोवती, आपला कोड गुंडाळा आणि विनंती सर्व्हरकडे निघताना शब्द बदला.

शेवटी मेलीसर्चमधली समानार्थी शब्दांची यादी. 2023 मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, पुस्तकांवरची नाहीत. उस्मानाबाद–धाराशिव, औरंगाबाद–छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या कितीतरी आधी बदललेलं गावाचं नाव मोमिनाबाद–अंबाजोगाई, या जोड्या दोन्ही दिशांनी भरा. एका दिशेची नोंद उलट चालत नाही. आणि भरण्याआधी त्याही फंक्शनमधून काढा, नाहीतर रकान्यात ‘संभाजिनगर’ आणि जोडीत ‘संभाजीनगर’ राहून गाठ पडणारच नाही.