लुटेशियमचा डोस घेऊन बाबा घरी येतील तेव्हा: आधीच करून ठेवायची कामं

मागच्या महिन्यात बाबांचा प्रोस्टेट कॅन्सरसाठीचा तिसरा लुटेशियमचा डोस झाला आणि तेव्हापासून ओळखीतले चार-पाच जण फोन करून राहिले की भाऊ घरी काय तयारी करायची, रेडिएशन घरात पसरते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, नागपूरजवळ बुटीबोरीला नोकरी करतो. तुमच्या हॉस्पिटलनं वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐकायचं.

आधी थोडक्यात हे प्रकरण काय आहे ते. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रोटीन भरपूर असते. औषध त्याला जाऊन चिकटते आणि सोबत लुटेशियम १७७ नावाचा रेडिएशन सोडणारा धातू घेऊन जाते, मग तो तिथंच बसून आजूबाजूला जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत मारा करते, थोडे किरण मात्र अंगाबाहेरपण येतात. म्हणून हाडांमध्ये दहा ठिकाणी पसरलेलं असलं तरी एकाच सलाईनमधून सगळीकडे पोचते. गडबड एवढीच की हे औषध थोडंफार लाळेच्या ग्रंथींमध्येपण जाऊन बसते आणि बाहेर पडते किडनीतून. घरी जो काही त्रास आणि जी काही काळजी असते ती बहुतेक या दोन गोष्टींमुळेच, तोंड आणि लघवी.

हे औषध कॅन्सर पूर्ण बरा करत नाही, आणि हे घरातल्या एकाला तरी स्पष्ट माहीत पाहिजे. २०२१ साली छापून आलेल्या व्हिजन नावाच्या ट्रायलमध्ये ८३१ पेशंट होते, सगळे हार्मोनच्या गोळ्या आणि केमो होऊन गेलेले. त्यात नेहमीच्या उपचारासोबत लुटेशियम घेतलेल्यांचा जगण्याचा मधला आकडा १५.३ महिने आला आणि नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांचा ११.३. मधला आकडा म्हणजे अर्धे लोक त्याच्या पुढे गेले. मी हे आईला सांगितलं, बाबांना त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, त्याआधी नाही. ज्याच्या त्याच्या घरचा हिशोब आहे तो.

डोस ठरायच्या आधी पीएसएमए पेट स्कॅन होतो. गाठी त्यात चमकल्या पाहिजेत, नाहीतर औषध चिकटणार कशाला. आमचा नागपुरात रामदासपेठेत झाला. तिथं वेळेवर पोचा म्हणजे पोचाच, कारण स्कॅनसाठी जे गॅलियम टोचतात त्याचं रेडिएशन ६८ मिनिटांत अर्धं होते, ते तुमची वाट पाहत बसत नाही. आम्ही सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि काउंटरवर बोलणी खाल्ली.

आता आमची मोठी चूक सांगतो. आम्ही डोससाठी मुंबईला जातो. पहिल्या वेळी दहा दिवस आधीची ब्लड रिपोर्ट घेऊन दुरांतोनं गेलो, तिथं परत ब्लड काढलं तर प्लेटलेट फक्त ६८ हजार निघाले, डोस कॅन्सल, दोघांना तसंच परत पाठवलं. ताजी रिपोर्ट लागते हे फोनवर कोणी बोललंच नव्हतं, आणि आम्हीपण विचारलं नाही. बाबा परतीच्या पूर्ण प्रवासात एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून नियम केला, निघायच्या चार दिवस आधी नागपुरातच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि लिव्हरची टेस्ट करायची, रिपोर्ट हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला व्हॉट्सॲप करायची आणि तिकडून "या" असं लिहून आल्याशिवाय घरून निघायचं नाही. दुसरं म्हणजे डोस तुमच्या तारखेच्या हिशोबानं मागवलेला असतो. आपल्याकडे लुटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये बनते आणि बनल्यापासून दर साडेसहा-पावणेसात दिवसांनी अर्धं होत जाते, म्हणून यायचं जमणार नसेल तर लवकर कळवा, डोस फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात चालत नाही.

रेल्वेचं कन्सेशन घ्याच. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के. हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म सही-शिक्क्यासकट लागतो. आम्हाला हे दुसऱ्या फेरीला कळलं आणि तेपण डब्यातल्या एका अकोल्याच्या काकांकडून.

जाताना काही प्रॉब्लेम नाही, विचार करायचा तो परतीचा. डोस झाल्या झाल्या बारा-चौदा तास बंद डब्यात, समोरच्या बर्थवर कोणाचं लेकरू झोपलेलं, हे आम्हाला पटलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले दोन-तीन दिवस मुंबईत थांबा आणि मग जा. आता दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आपल्या विदर्भातल्या बाबांच्या नावाची, कॅन्सरच्या पेशंटांचा मोठाच आधार आहे तो, पण डोस झाल्यावर कुठल्याही धर्मशाळेत दहा लोकांच्या हॉलमध्ये जाऊन झोपायचं नाही, डोसच्या आधी ठीक आहे. नंतरसाठी वेगळा संडास असलेली खोली बघा, भले छोटी असो. विमानानं येणार असाल तर हॉस्पिटलचं सर्टिफिकेट खिशात ठेवा, काही विमानतळांवर रेडिएशन पकडणारी मशीन असते आणि ती कित्येक दिवसांनीही वाजू शकते.

डोसच्या दिवशी खरं तर काहीच होत नाही. मळमळीचं इंजेक्शन, सलाईन, मग शिशाच्या कवचातून आलेलं औषध हाताच्या शिरेतून जाते, अर्ध्या तासात खेळ खलास. एका डोसमध्ये ७.४ गिगाबेकरेल असते, जुन्या मापात २०० मिलिक्युरी, आणि असे जास्तीत जास्त सहा डोस, दर सहा आठवड्यांनी एक. मग बाबांना एक रात्र वेगळ्या खोलीत ठेवलं. तिथली लघवी थेट गटारात जात नाही, टाकीत साठवून तिच्यातलं रेडिएशन कमी होऊ देतात. दुसऱ्या दिवशी एक पोरगा रेडिएशन मोजायचं मशीन घेऊन आला, एक मीटर लांबून माप घेतलं, आकडा मर्यादेत बसला आणि सोडलं. आत बाबांसोबत एक जुना ट्रान्झिस्टर दिला होता, तो परत आणता येईल की नाही हे मात्र आधी विचारून घ्या, काही ठिकाणी आतलं सामान तपासूनच बाहेर सोडतात.

आता घर. डिस्चार्जच्या वेळी आम्हाला इंग्रजीतला एक कागद मिळाला, समजावून कोणी सांगितला नाही, आणि त्या कागदाच्या भीतीनं आईनं महिनाभर बाबांचं ताट-वाटी वेगळं ठेवलं. बाबा एकदा चिडून म्हणाले, "मले का करंट लागून राहिला का बे, हात लावला तर मरान का कोणी?" काही गरज नव्हती त्याची. साबणानं नीट घासली की भांडी झाली. म्हणून माझं सांगणं हे आहे की डोसच्या आधी, ओपीडीतच, घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन विचारा की याच्यापासून किती दिवस आणि किती लांब, आणि तिथंच मराठीत लिहून घ्या. आमच्या फ्रिजवर जो कागद लागला आहे त्यात असं आहे: पहिले दोन दिवस सगळ्यांपासून तीन फूट, आईनं तीन रात्री वेगळ्या खोलीत झोपायचं, माझी लेक चार वर्षांची आहे तिला सात दिवस मांडीवर घ्यायचं नाही आणि शेजारी झोपवायचं नाही, आणि मेहुणीला सातवा महिना होता तर तिच्यासाठी झोपायची खोली पंधरा दिवस वेगळी. मेहुणीला आम्ही सरळ सांगितलं की तू येऊच नको, फोन कर. वाईट वाटलं तिला पण समजली. लेकीला समजवणं जास्त अवघड गेलं, शेवटी खडूनं फरशीवर रेघ ओढली आणि आजोबा रेघेच्या पलीकडून तिच्याशी अष्टचंग खेळले, तिच्या कवड्या तीच टाकणार आणि त्यांच्यापण तीच.

सगळ्यात जास्त लक्ष संडास-बाथरूमकडे. पहिल्या दोन दिवसांत बरंचसं औषध लघवीवाटे निघून जाते, म्हणून पाणी भरपूर प्यायचं, लघवी दाबून ठेवायची नाही, पुरुषांनीपण बसूनच करायची म्हणजे उडत नाही, दोनदा फ्लश, हात साबणानं. दोन संडास असतील तर एक पूर्ण त्यांना देऊन टाका. बाबांची लघवी थोडी गळते, त्यामुळे डायपर लागतात, ते हातमोजे घालून वेगळ्या पिशवीत बांधायचे आणि कचऱ्याच्या गाडीत कधी टाकायचे हे हॉस्पिटलला विचारून घ्यायचं, आपल्या मनानं नाही. चादर, दुपट्टा, आतले कपडे आठवडाभर वेगळे धुतले. हे सगळं सामान, म्हणजे हातमोजे, पिशव्या, जास्तीच्या चादरी, गादीवर टाकायचं प्लास्टिक, निघायच्या आधी घरात आणून ठेवा. डोस घेऊन आलेला माणूस दारात उभा आणि तुम्ही मेडिकलमध्ये, असं नको.

तोंडाचं सुरू झालं दुसऱ्या डोसनंतर. सकाळी उठले की जीभ टाळूला चिकटलेली, पोळी गिळत नाही. आमचा दुसरा डोस एप्रिलमध्ये आला, नागपूरचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे, त्यात कूलरची हवा तोंडावर, अजूनच कोरडं. कूलरचं तोंड फिरवलं, उशाशी पाण्याची बाटली, जेवणात पातळ वरण, ज्वारीच्या कण्या, ताक, दुधात कुस्करलेली पोळी. बिनसाखरेची लिंबाची गोळी चघळली की थोडी लाळ सुटते. दात सांभाळा, लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, मऊ ब्रश आणि डोसच्या आधीच एकदा डेंटिस्टकडे जाऊन या. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, बंद. बाबांनी चाळीस वर्षांचा खर्रा कॅन्सर कळल्यावर सोडला नव्हता, कोरड्या तोंडात सुपारी टोचायला लागली तेव्हा आपोआप सुटला.

थकवा येतो, आठ-दहा दिवस जास्त. दुपारी झोपू द्या, संध्याकाळी गल्लीत एक चक्कर मारायला लावा. ताप आला, लघवीतून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, किंवा अचानक पाय लुळे वाटायला लागले तर वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टरला फोन. पायाचं विशेष सांगतो कारण मणक्यातली गाठ नसा दाबू शकते आणि तिथं एक रात्रपण महाग पडते.

पीएसए (प्रोस्टेटचा रक्तातला आकडा) दर आठ दिवसांनी करू नका. आम्ही पहिल्या डोसनंतर तेच केलं, आधी वाढलेला दिसला आणि घरात सुतक लागल्यासारखं झालं, डॉक्टर म्हणाले सुरुवातीला असा चढू शकतो, पुढच्या डोसच्या वेळीच करा आणि एकाच लॅबमध्ये करा. तो मग उतरला. सगळ्यांचा उतरतो असं नाही, आमच्यासोबत डोस घेणाऱ्या वर्ध्याच्या एका काकांचा दोन डोसनंतरही चढतच राहिला आणि डॉक्टरांनी पुढचे डोस थांबवले. आधीपासून चालू असलेलं हार्मोनचं इंजेक्शन मात्र मधे बंद करायचं नसते, डॉक्टर सांगेपर्यंत ते चालूच.

इन्शुरन्सवाल्यांकडून प्रत्येक डोसची मंजुरी लेखी घ्या, पहिला पास झाला म्हणून दुसरा होईलच असं नसते.

आमचा चौथा डोस आता अकरा तारखेला आहे. सात तारखेला सीबीसी. बाबांनी काल तर्री-पोहे मागितले, पोहे वाफवून मऊ करून दिले आणि तर्री वेगळ्या वाटीत. वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले वाटी इथंच राहू दे, वास तर घेऊ दे.