पूरग्रस्तांना सरकारी अनुदान मिळवून देण्यासाठी देणगीचा पैसा कुठे लावावा

पूर ओसरला की पहिल्या आठवड्यात सांगलीच्या कृष्णाकाठी भिलवडी-अंकलखोपच्या रस्त्याला मदतीच्या किटचे टेम्पो लागतात. अनुदानाच्या याद्या पुढे लागतात, तेव्हा गावात मदतीला कोणी उरलेलं नसतं. ट्रस्ट, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक निधी) किंवा मुंबईकर मंडळाने निम्मा तरी पैसा त्या काळासाठी बाजूला ठेवावा. आमच्या मते 150 कुटुंबांमागे गावातलाच एक लिहिता-वाचता तरुण, तीन महिने मानधनावर, एवढं पुरतं.

त्याचं पहिलं काम पंचनाम्याआधीचं. स्वयंसेवकांनी गाळ उपसून घर धुऊन दिलं आणि तलाठी चार दिवसांनी आले, तर नोंदवायला काय उरणार? म्हणून आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा तारीख-ठिकाणासह फोटो, मग खराटा. घर 2 दिवसांपेक्षा जास्त पाण्यात होतं हे दिसलं पाहिजे. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं नसेल, तर कपड्यांचे 2,500 आणि भांड्यांचे 2,500 रुपये त्यावर ठरतात. मेलेल्या दुभत्या गाई-म्हशीला 37,500 आहेत. पुरण्याआधी कानातल्या 12 अंकी बिल्ल्याचा फोटो घ्या आणि पशुवैद्यकांना बोलवा.

शेतीत घोळ जास्त. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं. बागायतीला हेक्टरी 17,000, तेही 2 हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी दर वाढवतं, म्हणून चालू शासन निर्णय पाहूनच लोकांना आकडा सांगा. जमीन खरडून गेली (हेक्टरी 47,000, अल्प व अत्यल्पभूधारकांना) आणि जमिनीवर गाळ साचला (18,000) ही दोन वेगळी खाती आहेत. गाळ 3 इंचांहून जास्त हवा, म्हणून पट्टी उभी धरून फोटो काढा. 2021 साली आंबेघर-मिरगावसारख्या पाटण तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या. तशा डोंगरउतारावर जमिनीच्या एकाच गट नंबरात दोन्ही प्रकार सापडतात. पंचनाम्यात क्षेत्र वेगवेगळं लिहून घ्यावं.

यादी ग्रामपंचायतीत लागली की घरोघरी फिरून ताडून पाहा. सुटलेल्या नावांचा अर्ज तहसीलदारांकडे द्या, आणि पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

नाव आहे पण पैसा नाही, याची कारणं बहुतेक ठरलेली असतात. सातबारा मयत वडिलांच्या नावावर: वारसनोंदीचा अर्ज लगेच टाका, कारण फेरफाराच्या नोटिशीलाच 15 दिवस जातात. सातबाऱ्यावर सामाईक खातं: बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि पुण्या-मुंबईतल्या भावांच्या सह्या आणण्याचा एसटीखर्च देणगीतून खुशाल द्या, इतका वसूल होणारा खर्च दुसरा नाही. अनुदानाच्या यादीतला विशिष्ट क्रमांक आला पण ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली: म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत, त्यांना केंद्रावर नेऊन ओटीपीने होते का पाहा. आधार भलत्याच बँकेला जोडलेलं: पैसे तिकडे जाऊन पडतात, कोणती बँक जोडली आहे ते आधीच तपासा. खंडाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचं आणि भाडेकरूंचं मात्र कागदावर बहुतेकदा काही निघत नाही. रोख मदत द्यायचीच तर त्यांना द्या.

बाकीच्यांना अनुदान येईपर्यंत बिनव्याजी उचल द्यावी, बचत गटामार्फत. अनुदान जमा झाल्यावर बँकेने ते पीककर्जात वळतं करून घेतलं, तर शासन निर्णयातल्या वसुलीबंदीच्या कलमाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी द्या. एक प्रत लीड बँकेला (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणारी बँक), एक तहसीलला.