फोक फेस्टिवलला जाताय? आधी लाइनअपमधली अनोळखी नावं ऐका

जोधपूरचा रिफ, म्हणजे मेहरानगड किल्ल्यावर शरद पौर्णिमेच्या आसपास होतो तो लोकसंगीताचा फेस्टिवल, त्याला नाशिकहून कोणी जाणार असाल तर लाइनअप आला की ओळखीची नावं बाजूला ठेवा, ती आपण ऐकणारच असतो. अनोळखी नावं यूट्यूबवर टाका आणि शक्यतो लाइव्हच बघा, स्टुडिओतलं गाणं घासूनपुसून केलेलं असतं, स्टेजवर काय होणार ते त्यातून कळत नाही. आवडलं तर साथीला कोण आहे तेपण शोधा, बऱ्याचदा खरी मजा तिथेच असते. मांगणियार आणि लंगा हे राजस्थानातले पिढीजात लोकगायक-वादक. मांगणियारांचा कमायचा आणि लंगांची सिंधी सारंगी, ही दोन्ही गजाने वाजवायची तंतुवाद्यं, आधी कानावरून गेली असतील तर तिथे दोन्हींतला फरक लगेच कळतो. बाकी प्लेलिस्ट डाउनलोड करूनच नाशिकरोडला गाडीत बसा, वाटेत रेंजचं काही खरं नसतं.